विश्लेषण : पांढऱ्या पतंगामुळे नेपाळमधील मुलांची दृष्टी जाते?

मूल रात्री ठणठणीत झोपते आणि सकाळी एक डोळा लाल घेऊन उठते. फारसे दुखत नसल्याने ‘डोळे आले असतील’ असे समजून घरचे थांबतात. काही दिवसांतच बाहुली पांढुरकी दिसू लागते, डोळा मऊ पडतो आणि दृष्टी जाऊ शकते. नेपाळच्या डोंगराळ भागात, विशेषतः पोखरा परिसरात, १९७५ पासून या आजाराची नोंद आहे. त्याचे नाव ‘शापू’. मराठी कानाला त्यात शाप ऐकू येतो, पण ती इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत.

पतंगावर संशय का?

शापूची लाट साधारण दर दोन वर्षांनी, २०२१, २०२३ अशा विषम वर्षांत, पावसाळा सरल्यावर येते. त्याच सुमारास गॅझलिना जातीचे पांढरे पतंग दिव्यांभोवती गर्दी करतात. नेपाळीत त्यांना ‘सेतो पुतली’ म्हणतात. मादीच्या पोटाच्या टोकाला केसांचा झुबका असतो. तो झडतो, हवेत उडतो. पतंगांशी संपर्क आलेल्यांत धोका जास्त आढळला आणि काही रुग्णांच्या डोळ्यांत हे केसही सापडले. मात्र काहींच्या डोळ्यांत जिवाणू मिळाले. त्यामुळे केस स्वतःच घात करतात की जंतूंना आत नेतात, हा वाद मिटलेला नाही.

दृष्टी वाचणे मात्र या वादाच्या निकालावर अडलेले नाही. डोळ्याच्या आत वेळेत औषध टोचले किंवा आतला द्रव काढण्याची शस्त्रक्रिया झाली, तर नजर वाचण्याची शक्यता वाढते. अडचण अशी की ही शस्त्रक्रिया मोठ्या रुग्णालयांतच होते आणि डोंगरातल्या गावाहून तिथे पोहोचेपर्यंत मोलाचे दिवस गेलेले असतात. दुखत नसलेल्या डोळ्यासाठी एवढा प्रवास कोण लगेच करील?

आपल्याकडचा सुरवंट

महाराष्ट्रात भीती शापूची नाही, सुरवंटाच्या केसांची. या केसांना कुसळासारखे उलटे काटे असतात. डोळा चोळला की केस पुढेच सरकतो, मागे येत नाही. कधी तो बुबुळातून आत शिरतो आणि काही महिन्यांनीही सूज आणतो. म्हणून डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावा. केस इतके बारीक असतात की आरशात दिसत नाहीत. ते सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने काढावे लागतात. औषधाच्या दुकानातून स्वतःच आणलेले स्टेरॉइडचे थेंब लाली तेवढी झाकतात, केस तिथेच राहतो.