स्टेकहोल्डर म्हणजे नेमकं कोण?

राजेहो, आजकाल कापसावर कुठंही बैठक असली की निमंत्रणात हे वाक्य असतंच: 'सर्व स्टेकहोल्डर्स उपस्थित राहतील.' समोर बसलेले कोण? अडते, जिनिंगवाले, अधिकारी. कास्तकार मागच्या खुर्चीवर, तोही फोटोपुरता.

शब्दाची गंमत पहा. जुन्या इंग्रजीत पैज लागली की दोघांचे पैसे सांभाळणारा तिसरा माणूस म्हणजे स्टेकहोल्डर. त्याचं स्वतःचं काहीच पणाला नसायचं! आज अर्थ उलटा झालाय, ज्याचं काही पणाला लागलंय तो. आपल्याकडे काहीजण 'भागधारक' लिहितात, ते साफ चूक. भागधारक म्हणजे शेअरवाला. 'हितसंबंधी' म्हटलं की वेगळाच वास येतो. 'हितधारक' ठीक, पण बोलताना म्हणतं कोण?

खामगावात १८७० साली जलंबहून रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. तो कापूस पिकवणाऱ्याचं बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, सारंच पणाला. वेचणाऱ्या बाया तर कोणाच्या यादीतच नसतात.

पुढच्या निमंत्रणात इंग्रजी शब्द काढा अन् सरळ नावं लिहा: कास्तकार, वेचणाऱ्या बाया, हमाल, अडते, जिनिंगवाले. मग पाहू खुर्च्या किती लागतात.