मे महिन्यात कानटोपी

अमेरिकेतल्या मुलाकडे नाहीतर मुलीकडे मे महिन्यात जाऊन येणं, हे आता मराठी घरांत काशीयात्रेइतकंच रूढ झालं आहे. बॅगेत लोणचं, मेतकूट, भाजणी, नातवंडांसाठी काहीतरी चांदीचं आणि एखादा पातळसा स्वेटर. पातळ अशासाठी, की जायचं असतं उन्हाळ्यात. तिकडची मंडळीही फोनवर सांगतात, "इथे आता छान ऊन पडायला लागलंय." ते खोटं नसतं. फक्त ते त्यांच्या अंगणातलं ऊन असतं. अमेरिकेच्या पश्चिमेकडची राष्ट्रीय उद्यानं मात्र त्यांच्या अंगणापासून शेकडो मैल लांब आणि हजारो फूट उंच असतात.

२०२३च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सात जण लॉस एंजलिसजवळच्या आमच्या दिरांच्या घरून निघालो. भाऊजी, जाऊबाई, त्यांचा बारा वर्षांचा मुलगा, आम्ही दोघं, आमची सात वर्षांची लेक आणि एक्काहत्तर वर्षांच्या सासूबाई. सात माणसांची गाडी, दोन तंबू, गॅसची छोटी शेगडी, कुकर आणि युटा राज्यातली तीन उद्यानं: झायन, ब्राइस कॅन्यन आणि कॅपिटल रीफ. तंबू का? तर उद्यानातल्या नि आसपासच्या खोल्या कित्येक महिने आधी भरतात आणि त्यांचे दर ऐकून आपण नकळत रुपयांत हिशेब करायला लागतो. तंबूच्या जागेचं भाडं त्यामानाने किरकोळ. त्यात एक लाकडी टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडं आणि थोड्या अंतरावर नळ नि स्वच्छतागृह मिळतं. ते खरोखरच स्वच्छ असतं, हे इथे मुद्दाम सांगते.

झायनमध्ये पहिली रात्र स्वर्गासारखी गेली. दोन्ही बाजूंना तांबड्या वालुकाश्माच्या उभ्या भिंती, मधून वाहणारी व्हर्जिन नदी, दुपारी अंगावर टी-शर्टही नकोसा वाटावा असं ऊन. झायनच्या दरीत हंगामात स्वतःची गाडी नेता येत नाही, उद्यानाच्या बसने फिरावं लागतं. ही पद्धत तिथे २००० सालापासून आहे आणि फार शहाणपणाची आहे. आपल्याकडे माथेरानची आठवण यावी इतकी दरी शांत असते. रात्री तंबूत नुसती चादर पुरली. सासूबाई म्हणाल्या, "उगीच घाबरवलंत. हे तर आपल्या गच्चीवर झोपल्यासारखं आहे."

दुसऱ्या दिवशी झायनचा सुप्रसिद्ध बोगदा पार केला. १९३० साली डोंगराच्या पोटातून खोदलेला, मैलभराहून थोडा लांब. त्याच्या पलीकडे रस्ता चढायला लागतो आणि चढतच राहतो. चढ इतका सौम्य, की गाडीत बसलेल्याला कळतही नाही. झायनचा तळ साधारण १,२०० मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही थोडा खाली. ब्राइसचा तळ २,४०० मीटरच्या आसपास. कळसूबाईच्या शिखरावर आणखी साडेसातशे मीटरचा डोंगर ठेवा, तिथे आमचा तंबू होता. सिमल्याहूनही उंच! आणि हे सगळं जेमतेम दोन तासांच्या प्रवासात.

हजार मीटर चढलं की तापमान ढोबळमानाने साडेसहा अंशांनी उतरतं, हे शाळेत भूगोलात शिकलेलं असतं. म्हणजे या हिशेबाने आठेक अंशांचाच फरक पडायला हवा. पण वाळवंटी हवा कोरडी असते. दमट हवा आणि ढग रात्री जमिनीची ऊब धरून ठेवतात, कोरड्या हवेत ती सरळ आकाशात निघून जाते. त्यात उत्तरेकडून गार वाऱ्याची लाट आली, की दुपारचा उन्हाळा रात्री पौषाला मागे टाकतो. ब्राइसला मे महिन्यात बर्फ पडणं तिथल्या लोकांना नवलाचं नसतं. आपल्याला मात्र असतं.

चार वाजता पोचलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. पाच वाजता साबुदाण्यासारखे पांढरे दाणे पडायला लागले. मुलं आनंदाने वेडी झाली. सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा बर्फ पाहिला. पदर पसरून त्यात तो झेलला. फोटो झाले, खिचडी झाली, शेकोटी झाली. नऊला सगळे तंबूंत शिरलो आणि खरा प्रवास तिथून सुरू झाला.

साडेअकराच्या सुमाराला लेकीच्या दातांचा आवाज ऐकू आला. बर्फात खेळताना तिचे मोजे ओले झाले होते आणि ती तशीच झोपी गेली होती. तिला कोरडे कपडे घातले, कुशीत घेतलं, तोवर पलीकडच्या तंबूतून जाऊबाईंची हाक आली. "आई नीट बोलत नाहीयेत."

ही हाक साधी नव्हती. थंडी वाजून अंग थडथडतं तोपर्यंत शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करत असतं. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं की प्रकरण वैद्यकीय होतं. बोलणं जड येतं, माणूस गुंगीत जातो, विचारलं तर "मी बरी आहे, झोपू द्या" म्हणतो, आणि पुढे पुढे तर थडथडणंही थांबतं. पाहणाऱ्याला वाटतं, चला, थंडी कमी झाली! वय झालेल्या माणसांना मुळात थंडीची जाणीव उशिरा होते आणि लहान मुलांच्या अंगातली ऊब मोठ्यांपेक्षा लवकर निघून जाते. म्हणजे घरातली जी दोन माणसं आपण सर्वांत मऊ गादीवर झोपवतो, धोका त्याच दोघांना जास्त.

आणि मऊ गादीच इथे वैरीण ठरली होती. आईंच्या पाठीला त्रास नको म्हणून भाऊजींनी त्यांच्यासाठी हवा भरायची जाड गादी आणली होती. अशा साध्या गादीच्या आत नुसती हवा खेळत असते. अंगाची ऊब ती हवा खाली नेते आणि गार जमिनीला देऊन येते, रात्रभर. वर कितीही पांघरा, माणूस खालून गार होतो.

भाऊजी घाईघाईने गॅसची शेगडी घेऊन आले. "दहा मिनिटं तंबूत पेटवू, चेन थोडी उघडी ठेवू." त्यांचं काही चुकत होतं असं त्या क्षणी कुणालाच वाटलं नाही. आई गारठल्यात, समोर आग आहे, आणखी काय हवं? माझे यजमान काड्यापेटी शोधू लागले. तेवढ्यात ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्यांचाच जड आवाज आला, "आत नको. आत नको रे शेगडी."

सासूबाईंचं माहेर सातारा जिल्ह्यातलं. त्यांच्या लहानपणी गावात थंडीच्या दिवसांत दार लावून, कोळशाची शेगडी जवळ घेऊन झोपलेलं एक जोडपं सकाळी उठलंच नाही. तेव्हापासून त्यांच्या घरात बाळंतिणीच्या खोलीतली शेगडीसुद्धा अंगणात रसरशीत लाल करून मगच आत यायची आणि दार किलकिलं राहायचं. त्यांना कार्बन मोनॉक्साइड हे नाव ठाऊक नव्हतं. त्याला वास नसतो, रंग नसतो, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. थंडीने दमलेल्या माणसाला झोप आली तर संशय कुणाला येणार? तंबूचं कापड दवाने किंवा बर्फाने ओलं झालं की त्यातून हवा आणखीच कमी खेळते. चेन थोडी उघडी ठेवून भागत नाही. कोळसा, गॅस, रॉकेल, काहीही असो, तंबूत आग पेटवायची नाही म्हणजे नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या अंगीठीने घरंच्या घरं झोपेत गेल्याच्या बातम्या येतात, त्या आपण वाचतो आणि पान उलटतो.

मग शेगडी बाहेर टेबलावर पेटली. पाणी उकळलं, ते स्टीलच्या बाटल्यांत भरून, बाटल्यांना लोकरी मोजे चढवून आईंच्या काखेत आणि पोटाशी ठेवल्या. हातपाय चोळायला जाऊबाई सरसावल्या होत्या, त्यांना थांबवलं. गारठलेल्या माणसाचं आधी धड गरम करायचं असतं, हातपाय नंतर. आई गिळू शकत होत्या, तेव्हा भरपूर साखरेचा चहा घोट घोट पाजला. हवेची गादी बाहेर भिरकावली. तिच्या जागी काय घालावं? गाडीतले पायपुसणे आले, पुठ्ठ्याचे खोके उलगडून आले आणि त्यावर आली ती आईंनी नातवासाठी नऊवारी लुगड्यांची शिवून आणलेली गोधडी. ती इतके दिवस गाडीच्या डिकीत सामान खडखडू नये म्हणून वापरली जात होती. (याबद्दल जाऊबाईंना मी काही बोलले नाही. आईही नाही.) दुसरा तंबू रिकामा करून सातही जण एकाच तंबूत आलो, आई आणि मुलं मधे. डोक्याला ओढण्या, मफलर, जे मिळेल ते गुंडाळलं.

दोघा भावांचं त्या गर्दीतही सुरूच होतं. भाऊजी म्हणत होते, उद्यानाच्या बाहेर हॉटेल आहे, निघू. धाकटे म्हणत होते, रस्त्यावर बर्फ आहे, अंधारात हरणं आडवी येतात, अर्धा तास थांबून बघू. आई पुन्हा थडथडायला लागल्या तर चांगलं, नाहीतर लगेच निघायचं, असं ठरलं. वीस मिनिटांनी त्या थडथडू लागल्या. कुणाच्या दातांचा आवाज ऐकून एवढा आनंद होईल असं मला कधी वाटलं नव्हतं! थोड्या वेळाने स्पष्ट शब्द आले, "चहात आलं नव्हतं."

सकाळी पाण्याच्या कॅनमध्ये बर्फाची ढेप होती. उजाडल्यावर आईंना गाडीच्या हीटरसमोर बसवून, अंगात दोन स्वेटर चढवून कड्याशी नेलं. ब्राइसमध्ये नदीने कोरलेली एक दरी नाही. पठाराच्या कडेला गुलाबी, केशरी दगडांचे हजारो सुळके दाटीवाटीने उभे आहेत. त्यांना तिकडे 'हूडू' म्हणतात. सुळक्यांच्या माथ्यावर पांढरा बर्फ आणि मागून येणारं ऊन. हे सगळं घडवलं कुणी, तर याच थंडीने. वर्षातले निम्मे दिवस तिथे पारा रात्री गोठणबिंदूच्या खाली आणि दिवसा वर असतो. दगडाच्या फटीत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, गोठताना नऊ टक्क्यांनी फुगतं आणि फट रुंदावतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वर्षानुवर्षांत भिंतीची खिडकी होते, खिडकीचे खांब होतात, पुढे खांबही ढासळतात. १९२८ साली या जागेला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सासूबाईंनी बराच वेळ हात जोडून पाहिलं आणि म्हणाल्या, "जरा वेळाने पंढरपूरची गर्दी वाटते बघ."

पुढचा मुक्काम कॅपिटल रीफ. वाटेत रस्ता पुन्हा २,९०० मीटरपर्यंत चढतो, दोन्हीकडे बर्फ होता; मग उतरून फ्रुटा नावाच्या जुन्या वसाहतीत येतो. तिथे मॉर्मन पंथाच्या लोकांनी लावलेल्या फळबागा उद्यानाने जपल्या आहेत आणि हंगामात पर्यटकांना फळं तोडता येतात. आम्ही गेलो तेव्हा झाडांवर नुसती हिरवी पानं होती. पण ऊन होतं! आईंनी झाडाखालच्या टेबलावर गोधडी वाळत घातली आणि तिच्याशेजारी स्वतः बसून राहिल्या.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगते. झोपायच्या पिशवीवर, म्हणजे स्लीपिंग बॅगवर, मोठ्या अक्षरांत छापलेला तापमानाचा आकडा पुष्कळदा 'एवढ्यापर्यंत कशीबशी रात्र निघेल' असा असतो. सुखाने झोप लागण्याचा आकडा वेगळा आणि त्याहून काही अंश वर असतो. बारीक अक्षरं वाचावीत, आणि पिशवीइतकेच पैसे खालच्या उष्णतारोधक चटईवर खर्चावेत. रात्रीचे मोजे दिवसभर घालू नयेत. आणि हवामानाचा अंदाज पाहताना जवळच्या गावाचा पाहू नये. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर नकाशात नेमक्या जागेवर बोट ठेवलं की त्याच उंचीचा अंदाज मिळतो. तो आदल्या दिवशी पुन्हा पाहावा.

परदेशी न जाणाऱ्यांनाही हे लागू आहे. डिसेंबर-जानेवारीत नागपूरहून कान्हा, पेंचला जाणाऱ्या कुटुंबांची गर्दी असते. नागपुरात दुपारी पंखा लावावासा वाटतो, पण कान्ह्याच्या कुरणात पहाटे गवतावर दव गोठलेलं दिसतं, आणि सफारी नेमकी त्या वेळी, उघड्या जिप्सीतून. स्थिर हवेत सोसते ती थंडी धावत्या गाडीत सोसत नाही. वाऱ्याचा मारा सर्वांत जास्त मागच्या उंच बाकावर लागतो, आणि वाघ नीट दिसावा म्हणून तिथेच आपण मुलांना बसवतो. त्यांना मधल्या बाकावर, दोन मोठ्यांच्या मधे बसवावं. कानटोपी त्यांना आवडत नाही, तरी घालावी.