विमानाची वेळ बदलली, मग नाश्त्याचं काय? चाकण-पिंपरीच्या कामानिमित्त उडणाऱ्यांनी समजून घ्यावेत असे नियम

पहाटेचे साडेतीन. दिवसा ट्रकांच्या रांगांनी तुंबणारा चाकणचा तळेगाव चौक या वेळी मोकळा असतो. सुट्या भागांच्या कारखान्यातला एखादा क्वालिटी इंजिनिअर कॅबमध्ये बसतो आणि आळंदी, दिघी, विश्रांतवाडी करत लोहगाव विमानतळाकडे निघतो. सहा वीसचं दिल्लीचं विमान, साडेदहाला मानेसरमध्ये ग्राहक कंपनीत बैठक, रात्री परत. पोटात काही नाही, पण विमानातल्या नाश्त्याचे पैसे आधीच भरलेत.

दिघीच्या आसपास फोन वाजतो. "आपलं विमान आता ९ वाजून ५ मिनिटांनी सुटेल. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात महिन्यातून दोन-चारदा विमान पकडणाऱ्यांना हा मेसेज नवा नाही. बहुतेक जण कपाळाला हात लावतात, विमानतळावर महागडा चहा घेतात आणि गप्प बसतात. पण अशा वेळी प्रवाशाला काय मिळायला हवं, हे नियमात लिहिलेलं आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, हे नियम २०१० मध्ये आणले आणि नंतर त्यात वेळोवेळी बदल केले. त्यात सगळा खेळ घड्याळाचा आहे. मेसेज कधी आला, कोणाच्या फोनवर आला आणि उशीर किती तासांचा, यावरच पुढचं सगळं ठरतं.

विकत घेतलेलं खाणं आणि हक्काचं खाणं

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

पहिली गोष्ट म्हणजे विमानातलं खाणं. स्वस्त दराच्या कंपन्यांमध्ये ते तिकिटात नसतं, वेगळे पैसे देऊन घ्यावं लागतं. जेवण, नाश्ता, पेय यांचे वेगळे पैसे घ्यायची मुभा डीजीसीएनेच कंपन्यांना दिली आहे. अपवाद फक्त पिण्याच्या पाण्याचा. विमानात पाणी मागितलं तर ते फुकटच मिळायला हवं.

दुसरी गोष्ट म्हणजे उशीर झाल्यावर विमानतळावर मिळणारं खाणं. ते कंपनीची कृपा नाही, नियमातली जबाबदारी आहे. तुमचं तिकीट किती स्वस्त होतं किंवा तुम्ही विमानातलं जेवण घेतलं होतं का, याचा त्याच्याशी संबंध नाही.

म्हणजे वरच्या उदाहरणातल्या प्रवाशाला पावणेतीन तास थांबावं लागलं, तर काउंटरवर खाण्याची सोय मागता येते आणि विमानात बसल्यावर आधी पैसे भरलेला नाश्ताही मिळायला हवा. एक दिलं म्हणून दुसरं गेलं, असं होत नाही.

एक काळजी मात्र घ्यावी. तुम्हाला दुसऱ्या विमानात बसवलं, तर आधी नोंदवलेलं खाणं, विशेषतः जैन किंवा मधुमेहींसाठीचं, नव्या बुकिंगवर दिसतंय का ते तपासा. दिसत नसेल तर ते जोडून घ्या किंवा पैसे परत मागा.

किती उशिराला काय मिळतं?

वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशासाठी नियम साधारण असे आहेत:

- उड्डाण अडीच तासांपर्यंतचं असेल, तर दोन तास किंवा जास्त उशिराला खाणं-पिणं.
- उड्डाण अडीच ते पाच तासांचं असेल, तर तीन तासांच्या उशिराला.
- त्याहून लांबचं असेल, तर चार तासांच्या उशिराला.
- सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर सहा तासांच्या आत सुटणारं पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे परत. निवड प्रवाशाची.
- उशीर चोवीस तासांहून जास्त असेल, किंवा रात्री आठ ते पहाटे तीनदरम्यानचं विमान सहा तासांहून जास्त लांबलं, तर हॉटेलची सोय.

पुण्याहून दिल्ली, बेंगळुरू, हैदराबाद, चेन्नई, अहमदाबाद ही उड्डाणं पहिल्याच गटात बसतात. म्हणजे या पट्ट्यातल्या बहुतेक प्रवाशांनी 'दोन तास' एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

एक बारकावा आहे. उशीर मोजताना नियमात मूळ जाहीर वेळेबरोबर 'सुधारित वेळे'चाही उल्लेख आहे. सहा वीसचं विमान आधी आठ, मग साडेनऊ असं टप्प्याटप्प्याने ढकललं गेलं, तर उशीर नेमका कुठून मोजायचा यावर वाद होऊ शकतो. त्यामुळे पहिला मेसेज डिलीट करू नका. प्रत्येक मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा.

विमानच रद्द झालं तर?

दोन आठवडे आधी कळवलं, तर पर्यायी विमान किंवा परतावा. भरपाई नाही. दोन आठवड्यांपेक्षा कमी पण चोवीस तासांपेक्षा जास्त वेळ आधी कळवलं, तर मूळ वेळेच्या दोन तासांच्या आतलं पर्यायी विमान किंवा परतावा.

त्यानंतर कळवलं किंवा कळवलंच नाही, तर भरपाई लागू होते. उड्डाण एक तासापर्यंतचं असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तासांचं असेल तर ७,५०० आणि दोन तासांहून जास्त असेल तर १०,०००. पण त्यात एक मेख आहे. ही रक्कम किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल तेच मिळतं. समजा, बेंगळुरूच्या तिकिटाचं मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून ३,८०० रुपये असेल, तर भरपाईही ३,८०० रुपयेच. हे पैसे परताव्यापेक्षा वेगळे असतात.

हवामान, हवाई वाहतूक नियंत्रणामुळे झालेला उशीर, सुरक्षेचा धोका, सरकारी आदेश अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी भरपाई द्यावी लागत नाही. उशिराच्या वेळी द्यायच्या सोयींनाही नियमात हीच सवलत आहे. म्हणून काउंटरवर भांडण्याआधी एक काम करावं. उशिराचं कारण लेखी मागावं, ईमेलवर किंवा मेसेजवर. 'तांत्रिक कारण' आणि 'खराब हवामान' या दोन शब्दांमध्ये हजारो रुपयांचा फरक असतो.

मेसेज नेमका कोणाच्या फोनवर गेला?

चाकण-पिंपरीतल्या प्रवाशांसाठी हा कळीचा मुद्दा आहे. इथली बरीच तिकिटं प्रवासी स्वतः काढत नाही. कंपनीचा ट्रॅव्हल डेस्क किंवा बाहेरचा एजंट काढतो आणि बुकिंगमध्ये स्वतःचाच नंबर टाकून मोकळा होतो. वेळ बदलल्याचा मेसेज रात्री अकराला एजंटच्या फोनवर जातो. प्रवाशाला कळतं ते विमानतळाच्या दारात.

नियम सांगतो, की बुकिंग करताना संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल, तर भरपाई देणं कंपनीवर बंधनकारक नाही. म्हणजे एका चुकीच्या मोबाइल नंबरपायी झोप जाते आणि पैशांवरचा दावाही कमकुवत होतो. कंपनीने तिकीट काढलं असलं, तरी त्यात स्वतःचा नंबर आणि ईमेल आहे का, हे पाहणं दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरीकडे, एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचा परतावा 'एजंटला विचारा' म्हणून टोलवला जातो. नियमानुसार परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच आहे, कारण एजंट हा तिचाच प्रतिनिधी मानला जातो.

पुण्यात वेळापत्रक इतकं नाजूक का?

लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. तिथे सुखोई विमानंही उडतात आणि प्रवासी विमानंही, आणि दोघांसाठी धावपट्टी एकच, सुमारे अडीच किलोमीटरची. नवी टर्मिनल इमारत जुलै २०२४ पासून वापरात आली. बसायला जागा वाढली, पण धावपट्टी तीच राहिली.

ऑक्टोबर २०२० पासून धावपट्टीच्या कामासाठी रात्री आठ ते सकाळी आठ उड्डाणं बंद होती. मग १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या काळात विमानतळ पूर्णच बंद राहिला. सकाळी जाऊन रात्री परतणाऱ्यांचं गणित त्या काळात कोलमडलं.

त्यात एकच विमान दिवसभर अनेक शहरांमध्ये फिरतं. हिवाळ्यात दिल्लीत सकाळी धुकं पडलं, की पुण्याहून दुपारी सुटणारं विमानही रखडतं, कारण ते दिल्लीहूनच यायचं असतं.

याच पट्ट्याजवळ, चाकण-राजगुरुनगर भागात, नवा विमानतळ व्हावा अशी योजना वर्षानुवर्षं चर्चेत होती. २०१६ मध्ये ती जागा मागे पडली आणि पुरंदरचं नाव पुढे आलं. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी सेवा सुरू झाली. द्रुतगती मार्गामुळे वाकड-रावेतकरांसाठी तो पर्याय खुला झाला आहे. पण सुमारे शंभर किलोमीटर आणि मध्ये बोरघाट. पहाटेच्या विमानासाठी मग घरून निघायची वेळ मध्यरात्रीवर जाते.

डिसेंबर २०२५ ने काय दाखवलं?

वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम दोन टप्प्यांत लागू झाले. १ जुलै २०२५ पासून आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली. १ नोव्हेंबरपासून रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. थकलेल्या वैमानिकाने विमान उडवू नये, हा त्यामागचा हेतू.

देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी नेणाऱ्या इंडिगोची याची तयारी कमी पडली. डीजीसीएच्या माहितीनुसार ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत २,५०७ उड्डाणं रद्द झाली आणि तीन लाखांहून जास्त प्रवासी अडकले. इतर कंपन्यांची भाडी भडकली, तेव्हा सरकारने कमाल दर ठरवून दिले. पाचशे किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, हजारपर्यंत १२,०००, दीड हजारपर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००. इंडिगोने जास्त फटका बसलेल्यांना नियमातल्या भरपाईव्यतिरिक्त १०,००० रुपयांची व्हाउचर जाहीर केली. जानेवारी २०२६ मध्ये डीजीसीएने कंपनीला २२.२० कोटींचा दंड केला.

दंड सरकारजमा होतो. प्रवाशाला मिळतं ते नियमात लिहिलेलं, आणि तेही मागितलं तर.

खाण्याचा मुद्दा क्षुल्लक वाटत असेल, तर जानेवारी २०२४ मधला मुंबईचा व्हिडिओ आठवा. गोव्याहून दिल्लीला निघालेलं विमान धुक्यामुळे मुंबईला वळवलं गेलं. तासन्‌तास अडकलेले प्रवासी विमानाशेजारी जमिनीवरच जेवायला बसले. त्याबद्दल इंडिगोला १.२० कोटी आणि मुंबई विमानतळाला एकूण ९० लाखांचा दंड झाला.

युरोपात वेगळं काय आहे?

जर्मन कंपन्यांमुळे या पट्ट्यातून फ्रँकफर्ट, श्टुटगार्टला जाणारे बरेच आहेत. युरोपीय संघातून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला, मग ते भारतीय कंपनीचं का असेना, तिथला २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम लागू होतो. त्यात लांबच्या प्रवासात मोठ्या उशिरालाही ६०० युरोपर्यंत भरपाई मिळू शकते. भारतात नुसत्या उशिरासाठी रोख भरपाई नाही. शिवाय आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे अडकलेल्या प्रवाशांच्या वादात युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं, की संकट कंपनीच्या हाताबाहेरचं असलं तरी प्रवाशाच्या खाण्या-राहण्याची जबाबदारी सुटत नाही. भारतातल्या नियमात नेमकी हीच जागा मोकळी आहे.

आणखी एक. पुणे-दिल्ली आणि दिल्ली-फ्रँकफर्ट अशी दोन वेगळी तिकिटं काढू नका. पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीवर कसलीच जबाबदारी येत नाही. एकाच बुकिंगवर असाल, तर पुढे पोहोचवणं कंपनीचं काम असतं.

मेसेज आला, तर काय करायचं?

- लिंकवर घाईने 'मान्य' दाबू नका. आधी पर्याय वाचा. परतावा घेतलात, तर पर्यायी विमानावरचा हक्क संपतो.
- मूळ वेळ, नवी वेळ आणि मेसेज आल्याची वेळ, तिन्हींचे स्क्रीनशॉट ठेवा.
- दोन तास उलटणार असतील, तर काउंटरवर खाण्याची सोय स्पष्ट शब्दांत मागा. नाही दिली, तर स्वतः घेतलेल्या खाण्याची पावती ठेवा.
- आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे तक्रार करा, मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर. तिथेही दाद लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता किंवा काम करता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्यालय दिल्लीत असलं, तरी तुमचं प्रकरण पुण्यात चालू शकतं.

मानेसरची चुकलेली बैठक यातल्या कोणत्याही नियमात बसत नाही. हातची ऑर्डर गेली, लाइन थांबली, वरिष्ठांची बोलणी खावी लागली, याचा हिशेब डीजीसीएच्या कोष्टकात नाही. म्हणून बैठक खरोखर महत्त्वाची असेल, तर अनुभवी प्रवासी आदल्या संध्याकाळीच निघतात. बाकीच्या दिवशी निदान नाश्ता तरी स्वतःच्या खिशातून करावा लागू नये, एवढी माहिती जवळ असलेली बरी.