रॉटरडॅमला एक न्याय, सात रस्त्याला दुसरा

सोलापूर जिल्ह्यातले द्राक्ष युरोपात जाणार असेल, तर त्याच्या बागेची सरकारदरबारी नोंद होते, काढणीपूर्वी नमुना प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल निर्दोष आल्यावरच पेट्या भरल्या जातात. तेच द्राक्ष सात रस्त्यावरच्या हातगाडीवर येणार असेल, तर त्याला कोणी नावगावही विचारत नाही. माझा आक्षेप या दोन न्यायांना आहे; शेतकऱ्याला नाही आणि हातगाडीवाल्याला तर नाहीच.

ही तपासणी आपल्याला आपणहून सुचलेली नाही. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मिथोमिल व ॲसिफेट या कीटकनाशकांचे अवशेष मर्यादेबाहेर सापडले. त्यानंतर अपेडाने अवशेष-नियंत्रणाची योजना आखली, पुण्याजवळच्या मांजरीतील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली आणि २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’मुळे पेटीचा माग थेट बागेपर्यंत काढता येऊ लागला. टॉवेल विणणाऱ्या सोलापूरला हा धडा नवा नव्हता. १९९४ मध्ये जर्मनीने घातक अमाइन सोडणाऱ्या ॲझो रंगांवर बंदी घातली, तेव्हा आपल्याला कापडाच्या रंगाचे रसायनशास्त्र कळले. गिऱ्हाईक दूरचे आणि खमके असले की आपण झटकन शहाणे होतो!

ही विद्या किती सूक्ष्म आहे पाहा. युरोपात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सीमा आहे. म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. दहा टनी तीस ट्रक द्राक्षांतला एक मणी शोधण्यासारखे हे काम. द्राक्षांचा लगदा करून तो इथिल ॲसिटेटमध्ये घुसळतात. औषधाचा अंश त्या द्रावकात उतरतो. तो स्वच्छ करून क्रोमॅटोग्राफच्या नळीतून सोडला की घटक एकामागून एक सुटे होतात, आणि वस्तुमानमापक प्रत्येकाचे तुकडे करून त्यांच्या वजनावरून त्याला ओळखतो.

तरीही यंत्र सर्वज्ञ नाही. २०१० मध्ये युरोपने पुन्हा आपली द्राक्षे अडवली, ती क्लोरमेक्वाट या वाढरोधकासाठी. एप्रिल छाटणीनंतर वेलीची वाढ आवरायला वापरलेले हे रसायन पुढच्या वर्षीच्या फळात उतरेल, हे कोणाच्या ध्यानात नव्हते. तपासायच्या यादीत त्याचे नाव नव्हते. शिवाय ते विद्युत्भारित आणि पाण्यात विरघळणारे. नेहमीच्या द्रावकात ते उतरतच नाही. त्याला वेगळी पद्धत लागते. जे विचारले नाही, त्याचे उत्तर कोणतेही यंत्र देत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा अंशाने माणूस मरतो काय? नाही मरत. अवशेषाची मर्यादा म्हणजे विषाची रेषा नव्हे. औषध शिफारशीप्रमाणे, योग्य मात्रेत आणि काढणीपूर्वी पुरेसे दिवस राखून फवारले की नाही, याची ती खूण आहे. म्हणून घबराट नको. पण ज्याच्या घरात पोरे महिनाभर रोज द्राक्षे खातात, त्याला ती खूण पाहायचा हक्क आहे. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडते, पण सगळे अवशेष त्याबरोबर उडतातच असे नाही.

कायदा आपल्याकडेही आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार साधा ग्राहकसुद्धा विकत घेतलेला माल विश्लेषकाकडून शुल्क भरून तपासून घेऊ शकतो. माल दोषी ठरला तर शुल्क परत मिळते. पण पाव किलो द्राक्षांसाठी हा खटाटोप कोण करणार? आणि केला तरी दोष कोणाच्या पदरी घालणार? हातगाडीवाल्याने माल पहाटे लिलावात घेतलेला असतो. बाग कोणती, त्याला ठाऊक नसते. मागच नसेल तर तपासणी वांझोटी ठरते.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. बाजार समितीत येणाऱ्या मालाच्या पावतीवर गाव आणि बागेची नोंद असावी. हंगामात दर आठवड्याला काही नमुने अचानक उचलावेत आणि निकाल फळ्यावर लावावेत. नीट फवारणी करणाऱ्या बागायतदाराला त्यातून दोन पैसे जास्तच मिळतील, कारण आज त्याचा आणि बेफिकीर शेजाऱ्याचा माल एकाच ढिगात पडतो. खर्चाचे काय, असे विचारले जाईल. रॉटरडॅमच्या ग्राहकासाठी तो खर्च आपण वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. सोलापूरकराने त्याच्यापेक्षा कमी पैसे मोजले, म्हणून त्याचे पोट काही वेगळ्या मातीचे होत नाही.