नाक सुकवण्याचा धंदा बंद करा

वाहणारं नाक हा आजार नाही. आजार विषाणूचा आहे. नाक वाहतं ते त्याला हुसकावून लावण्यासाठी. हे साधं सत्य ज्यांनी आपल्याला सांगायचं, तेच नाक सुकवण्याच्या बाटल्या विकत बसलेत. आणि शिकलेसवरलेले आईबाप पैसे हातात धरून त्यांच्या दारात उभे आहेत. मला याची चीड येते.

चंदीगडच्या विमानतळाजवळ, एयरोसिटीत मी राहतो. इथे बांधकामांची धूळ आहे, ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेतात जाळलेल्या पराळीचा, म्हणजे भाताच्या काडाचा, धूर आहे, त्यामागून धुकं आहे. हिवाळ्यात लहान मुलांची नाकं वाहणारच. संध्याकाळी इथल्या एका औषधाच्या दुकानात मी उभा होतो. एक बाई आली, कडेवर दीड-दोन वर्षांचं पोर, नाकाखाली वाळलेली हिरवट खपली. चिठ्ठी नाही. दुकानदाराने पोराकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. ‘‘हिरवा झालाय ना? मग अँटिबायोटिक लागेलच.’’ जोडीला लाल सिरपची बाटली. गाडी बाहेर चालूच होती. दोन मिनिटांत सौदा झाला.

हिरव्या रंगाची ही भीती निव्वळ खोटी आहे. विषाणू नाकाच्या अस्तरात शिरला की तिथल्या पेशी धोक्याचे रासायनिक निरोप सोडतात. रक्तवाहिन्या फुगतात, त्यातून पाणी झिरपतं. म्हणून पहिले एक-दोन दिवस नाकातून नुसतं पाणी गळतं. गोब्लेट पेशी आणि अस्तराखालच्या ग्रंथी म्युसिन नावाचं प्रथिन जास्त सोडू लागतात. पाणी शोषून ते फुगतं आणि त्याच्या चिकट जाळ्यात विषाणू, धूळ, मेलेल्या पेशी अडकतात. त्यात जंतूंना मारणारी लायसोझाइमसारखी द्रव्यं आणि प्रतिपिंडंही असतात. खाली सूक्ष्म केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलत हा सगळा माल घशाकडे ढकलतात. तो आपण गिळतो आणि पोटातलं आम्ल उरलेलं काम करतं. एरवीही हे दिवसरात्र चालूच असतं, फक्त आपल्याला कळत नाही. मग पांढऱ्या पेशी लढायला येतात. त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेज नावाचं लोहयुक्त विकर असतं, मुळातच हिरव्या रंगाचं. शेंबूड हिरवा होतो तो त्यामुळे. नुसता रंग पाहून जिवाणूंचा संसर्ग ठरवता येत नाही, आणि विषाणूवर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही.

आता त्या लाल बाटलीकडे या. अशा सिरपांत बहुधा फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असतं. पोटात घेतलेलं फिनाइलएफ्रिन नेहमीच्या मात्रेत चोंदलेल्या नाकावर काम करत नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने 2023 मध्ये एकमताने सांगितलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपल्या केंद्रीय औषध नियंत्रकांनी हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, तशी सूचना लेबलवर छापावी, असा आदेश काढला. पाळला कुणी?

2025 साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात वीसहून अधिक मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. बहुतेक पाच वर्षांखालची, आणि त्यांतली कित्येक उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणलेली. आजार काय होता? सर्दी, खोकला, ताप. दिलेलं कोल्ड्रिफ सिरप याच मिश्रणाचं होतं, आणि तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला त्यात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. चालवून घेतात ते 0.1 टक्का. हे कारखान्यात वापरायचं स्वस्त द्रावक, चवीला गोड, म्हणून पोराच्या जिभेलाही कळत नाही. 2019-20 च्या हिवाळ्यात जम्मूच्या रामनगरमध्ये हेच झालं होतं. तिथल्या सिरपमधलं विष इथे चंदीगडच्या प्रयोगशाळेतच उघडं पडलं. आणि मुंबई? 1986 मध्ये जे. जे. रुग्णालयात याच विषाने भेसळ झालेल्या ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांनी चौकशी केली. चाळीस वर्षं झाली. कारखान्यात येणारं प्रत्येक पिंप तपासायचं, एवढंही या देशाला जमू नये?

भेसळ करणारा गुन्हेगार आहेच. पण चार दिवस पोराचं नाक वाहू द्यायला तयार नसलेला बाजार त्याला गिऱ्हाईक पुरवतो. नर्सरीत ‘सर्दी आहे तर औषध देऊन पाठवा’ म्हणणाऱ्या बाई, ‘काहीतरी लिहून द्या’ म्हणून अडून बसणारे आजोबा, आणि गिऱ्हाईक तुटेल म्हणून लिहून देणारे डॉक्टर, यांतलं कुणीही निर्दोष नाही. लहान मुलाला वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होते, आठवडा-दहा दिवसांत बरी होते. खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो.

नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाला, पोराला पाणी आणि दूध पाजत राहा, वर्षापुढच्या मुलाला खोकल्यावर चमचाभर मध द्या. श्वास जोरजोरात चालू लागला, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, पोर पाणीही घेईना किंवा सुस्त पडलं, तर तडक डॉक्टरांकडे न्या. तेव्हा एक मिनिट घालवू नका. पण निव्वळ शेंबूड हिरवा दिसतो म्हणून औषधाच्या दुकानाची पायरी चढू नका. घरात सिरपची अर्धी बाटली पडली असेल, तर आजच तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा.