यंत्रमानवाचा हात की हातातले यंत्र?

'रोबोट गुडघा बदलतो' अशा जाहिराती आता शहरांतून दिसतात. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पोलादी माणूस उभा राहतो आणि डॉक्टर दिसेनासा होतो. माझ्या मते हे चित्र फसवे आहे.

अमेरिकेत १९९२ साली 'रोबोडॉक' या अवजड यंत्राने खुब्याच्या शस्त्रक्रियेत मांडीचे हाड स्वतः कोरले, हे खरे. पण पुढे पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधनातून निराळ्याच जातीचे हत्यार निघाले. त्याचे नाव 'नॅव्हिओ'. गुडघ्याचा झिजलेला एकच भाग बदलण्यासाठी २०१२ साली त्याला तेथे परवानगी मिळाली. २०२० साली 'कोरी' ही त्याची पुढची आवृत्ती आली. हे हत्यार सर्जन हातात धरतो. मांडीच्या व नडगीच्या हाडांना खुणा जोडतात, कॅमेरा त्यांवर नजर ठेवतो. किती हाड घासायचे, हे सर्जन आधी संगणकावर आखतो. घासणारे टोक हद्दीबाहेर जाऊ लागले की ते आत सरकते किंवा त्याची गती आवरली जाते. सुताराने रेघ मारावी आणि रेघ ओलांडताना पटाशीनेच माघार घ्यावी, तसे हे! निर्णय माणसाचा, हातही माणसाचाच.

या हत्याराचे मोल मी नाकारत नाही. त्याने काम अधिक नेमके होते. परंतु निष्णात हातांपेक्षा त्याने रोग्याचे दुखणे पुढे वर्षानुवर्षे कमी राहते, हे अजून निर्विवाद सिद्ध झालेले नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये ठरले. ही मर्यादा सांध्याच्या किमतीला होती, शस्त्रक्रियेच्या शुल्काला नव्हे. मग 'रोबोट' या शब्दाचा भाव वेगळा लावायला कितीसा वेळ लागणार?

मित्रहो, जन्मभर भातलावणीत वाकलेल्या आयाबायांचे गुडघे या बाजारात उभे आहेत. आमच्यासारख्या घरांत दवाखान्याचा कागद कॉलेजात जाणाऱ्या पहिल्या पोराच्या हाती देतात. आपण कलाशाखेचे असलो, तरी तीन प्रश्न विचारायला विज्ञानाची पदवी लागत नाही : शस्त्रक्रिया कोणते डॉक्टर करणार? यंत्राचे वेगळे पैसे किती? यंत्राविना केली तर नेमके काय उणे राहील? उत्तरे समजेल अशा मराठीत मिळाल्याशिवाय आईला त्या कागदावर अंगठा उठवू देऊ नये.