फिरता फिटर

मंडळी, ऐन सुगीत मळणीयंत्र बंद पडले म्हणजे घराची काय गत होते, ते तुम्हाला सांगायला नको. वर आभाळ भरून आलेले, खळ्यावर पेंढ्या पडलेल्या आणि मिस्त्रीचा पत्ता नाही. आता अशी कल्पना करा की सुगी वर्षाचे ३६५ दिवस चालू आहे आणि खळ्यावर रोज सकाळी नवा माल येऊन पडतो आहे. तालुक्याच्या गावचा कचरा ही अशीच न संपणारी सुगी आहे. ती उरकायला आता यंत्रे आली आहेत. ती बिघडली म्हणजे ज्याला बोलावणे जाते, त्या फिरत्या फिटरची आज गोष्ट.

केंद्र सरकारने २००० साली आणि पुन्हा २०१६ साली कचऱ्याचे नियम केले. तेव्हापासून गावाबाहेर नुसते ढीग घालणे नियमात बसत नाही. मग पालिकांनी यंत्रे घेतली. माल वाहून नेणारा रबरी पट्टा, गोल फिरणारी मोठी चाळण, तुकडे करणारा श्रेडर आणि पुठ्ठा-प्लॅस्टिक दाबून गाठी बांधणारे प्रेस. जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाची १७० किलोची गाठ बांधताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे प्रेस ओळखीचे वाटेल. श्रेडर म्हणजे थोरली कडबाकुट्टीच समजा.

आमच्या नात्यातला एक मुलगा गेली आठ वर्षे हे काम करतो. मोटारसायकलला दोन्ही बाजूंना पेट्या. त्यांत पाने, ग्रीसगन, बेअरिंगचा ओढ्या, ऑइल सीलची पुडकी आणि एक धारदार सुरी. सुरी कशाला म्हणून विचारले, तर हसला. म्हणाला, ‘‘मामा, निम्म्या वेळा यंत्र मोडलेलं नसतंच. त्याला साडी गुंडाळलेली असते.’’

जुनी लुगडी, नायलॉनची दोरी, सुतळी, नारळाच्या शेंड्या, असे जे जे लांब ते ते फिरत्या दांड्यावर गुंडाळत जाते. आवळून आवळून त्याची अशी गाठ होते, की मोटर तापते आणि बेअरिंग जळते. मग आत वाकून सुरीने एक-एक पदर कापून काढायचा. दोन-दोन तास जातात. त्यात वास, माश्या, कुठे इंजेक्शनच्या सुया. धनुर्वाताची लस घेतल्याशिवाय या कामाला हात लावू नये असे तो सांगतो, आणि ते खरेच आहे.

आपल्या शिवारातला मालही त्याच्याकडे जातो बरे का. ठिबकच्या जुन्या नळ्या आणि मल्चिंगचा कागद भंगारवाला नेतो. पुढे त्याचे तुकडे करून, धुऊन, वितळवून प्लॅस्टिकचे दाणे बनवतात. कागदाबरोबर जी माती जाते ती पात्यांना कानसीसारखी खाते. दोन दिवस उन्हात वाळवून, झटकून, गुंडाळून दिला तर पाती टिकतात. भंगारवाल्याला भाव वाढवून मागायलाही तोंड राहते. त्यातून पदरात काही पडेलच असे मी म्हणत नाही, पण मागून पाहावे.

खरा धोका असतो गाठी बांधणाऱ्या प्रेसमध्ये. हे तेलाच्या दाबावर चालते, म्हणजे ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचाच थोरला भाऊ. जोसेफ ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिराने १७९५ साली अशा दाबयंत्राचे पेटंट घेतले. युक्ती साधी आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. प्रेसच्या तेलात तो २०० किलोपर्यंत जातो. सिलिंडर १५ सेंटिमीटर व्यासाचा असला तरी दट्ट्यावर ३५ टनांचा भार येतो. पुठ्ठ्याचा डोंगर त्यापुढे पापडासारखा चपटा होतो. माणसाचा हात काय घेऊन बसलात!

म्हणून हे पोरगे यंत्राजवळ गेले की आधी मेन स्विच पाडते, त्याला आपले कुलूप घालते आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवते. मुकादमाकडे नाही, ऑपरेटरकडे नाही. आत माणूस असताना बाहेरच्याने ‘जरा चालू करून बघू’ म्हणून बटण दाबल्यामुळे कितीतरी हात गेले आहेत. आपल्याकडे मळणीयंत्रात हात जाण्याचे प्रकार इतके वाढले होते की १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा करावा लागला.

वीज गेली तरी तेलातला दाब जात नाही, हे विशेष. वर उचललेला दट्टा एखादी नळी सुटताच खाली येतो. म्हणून त्याखाली लोखंडी टेकू दिल्याशिवाय फिटर आत डोके घालत नाही. वाचकहो, तुमची ट्रॉली उचललेली असते, तिच्याखाली ग्रीस द्यायला तुम्ही शिरता, तेव्हा टेकू देता का? घरच्या बायांनी हा प्रश्न आज जेवताना जरूर विचारावा.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवावी अशी आहे. तेलाच्या नळीला सुईच्या अग्राएवढे भोक पडले तर त्यातून निघणारी धार डोळ्यांना दिसतही नाही. ती बोटावर आली तर कातडी भेदून आत शिरते. वरून नुसते टोचल्यासारखे दिसते, फारसे दुखतही नाही. माणूस बोट पुसून कामाला लागतो. काही तासांत बोट सुजते, आतून कुजू लागते आणि उशीर झाला तर कापावे लागते. म्हणून गळती कधी हाताने चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहावी. कोणाला अशी धार लागलीच तर हळद, चुना, फडके यांत वेळ न दवडता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात त्याच घटकेला न्यावे आणि ‘दाबाचे तेल आत गेले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. ट्रॅक्टर, जेसीबी, सगळ्यांना हे लागू आहे.

या मुलाच्या लग्नाची गोष्ट निघाली, तेव्हा दोन ठिकाणांहून ‘पोरगा कचऱ्यात काम करतो’ म्हणून नकार आला. मला त्याचा राग आला. त्याच्या आईला तर फारच लागले. पालिकेची चाळण पावसाळ्यात चार दिवस बंद राहिली, की ढिगातून काळे पाणी झिरपते आणि खालच्या वस्तीच्या विहिरींकडे जाते. रात्री अकरा वाजता भिजत जाऊन ती चाळण चालू करणाऱ्याला मुलगी द्यायची नाही, आणि विहीर मात्र गोड हवी!

ज्यांच्या घरी हाताने काम करण्याची आवड असलेली मुले-मुली आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. दहावीनंतर आयटीआयमध्ये फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. तेलाच्या दाबाचे काम मात्र कुणा जाणत्या मिस्त्रीच्या हाताखालीच येते. नोकरी धरताना पगाराबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: प्रवासखर्च वेगळा मिळतो का, अपघाताचा विमा आहे का, आणि स्विचला लावायचे कुलूप मालक देतो की आपले आपणच घ्यायचे?